नखाएवढी आकडी

"पोरी, बाहेर काही पडलं नाही म्हणजे आत काही नाही, असं धरून चालू नये. करंगळी घालून बघायचं."

तळमजल्यावर एकटे राहणाऱ्या बंदूक-मिस्तरीकाकांनी हे सांगितलं, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. "काका, मला मिक्सरचं भांडं धड बसवता येत नाही! पिस्तुलाचं ह्यांना सांगा."

"त्याला सांगून झालं. त्याचे कान माझ्याहून जड आहेत." आणि काकांना तर दारावरची बेलही ऐकू येत नसे.

नवरा रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी. घरी आला की त्याचा क्रम ठरलेला. गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, नळीवरची सरकती स्लाइड मागे ओढायची, नळीत चढलेली एक गोळी टुणकन गादीवर पडायची. मग भिंतीकडे रोखून घोडा दाबायचा. रिकामं 'टक' ऐकलं की पिस्तूल कपाटात.

त्या दुपारी त्याच भिंतीपलीकडे त्यांची दोन वर्षांची ठकी झोपली होती. मॅगझिन निघालं, स्लाइड मागे गेली. गादीवर काहीच पडलं नाही.

"अहो, थांबा! गोळी पडली नाही."

"सकाळी भरली नसेल. तुझं आपलं राईचा पर्वत!"

"असू दे पर्वत. आधी घोड्यावरचं बोट काढा आणि करंगळी घालून बघा."

कपाळाला आठ्या घालत त्याने स्लाइड मागे अडकवली, करंगळी आत घातली. आठ्या विरल्या, पाठोपाठ चेहऱ्याचा रंगही.

"आहे," एवढंच तो म्हणाला.

तिने खाली जाऊन बोलावल्यावर दुखरा गुडघा धरत काका तीन जिने चढून आले. गोळी काढली, जेवणाच्या टेबलावर पिस्तूल उघडलं आणि तिच्या हातात भिंग दिलं.

"ही आकडी बघ. गोळीची कड धरून हीच तिला बाहेर खेचते. ही स्प्रिंग आकडीला दाबून ठेवते. आता टोकच तुटलंय. धरणारं गेलं, मग ओढणार कोण?"

नवी आकडी, नवी स्प्रिंग बसवून त्यांनी नकली गोळ्या पाचदा भरून पाहिल्या. पाचही वेळा टुणकन! जागी झालेली ठकी टाळ्या पिटायला लागली. त्या टाळ्यांनी तिच्या आईला रडू आवरेना.

"काका, तुमचे उपकार..."

"माझे कसले? मी नुसता बडबडलो, ऐकलंस तू. चहा टाक, आणि साखरेला हात आखडू नकोस."

ती तुटकी आकडी अजून तिच्या डबीत आहे, ठकीच्या जन्माच्या वेळच्या हॉस्पिटलच्या मनगटपट्टीशेजारी. पण नवऱ्याची बदली झाली, घर सुटलं. काकांना फोनची घंटी ऐकू येत नाही, आणि तिचा जीव टांगणीला लागतो.

म्हणून वाचणाऱ्याकडे तिचं एकच मागणं आहे. तुमच्या जिन्याखाली असा कुणी एकटा म्हातारा कारागीर राहत असेल, तर आजच डोकावून या. दार वाजवल्यावर आतून ओ आली नाही, तर कुणी नाही असं समजून परत फिरू नका. आत जाऊन बघा.