दोन्ना राकेलेची टोपली आणि सहावा कप

नुन्झियानं माझ्या पोटात प्लॅस्टिकची लिंबं भरली, हे आधी सांगते. बाकीचं आयुष्य नंतर. मित्रांनो, राग पोटात ठेवून गोष्ट सांगता येत नाही, आणि माझ्या पोटात तर तेव्हा जागाही उरली नव्हती. मोजून बारा लिंबं. पिवळीधमक, ना वास ना रस, आणि एकाच्या बुडाला कारखान्याचा शिक्का. गळ्यात पाटी अडकवली होती, ‘फोटो काढा’. नाक मुरडून सांगते, माझ्यासारखीच्या गळ्यात पाटी!

मी वयानं साठीच्या पुढची, जातीनं वाळुंजाची, नेपल्सच्या पल्लोनेत्तो वस्तीतली टोपली. बंदर आमच्या पायाशी आहे. आमच्याकडे घरं उंच, जिने अंधारे आणि बायका शहाण्या. चार मजले उतरून पाव आणायला जाणारी बाई आम्ही खुळ्यात काढतो. शहाणी बाई सज्जातून दोरीनं टोपली खाली सोडते, वाणी त्यात पाव ठेवतो, “ओढा!” म्हणून ओरडतो आणि टोपली वर जाते. ती टोपली मी.

मला माझ्या मालकिणीच्या, म्हणजे दोन्ना राकेलेच्या मामानं विणलं; ‘दोन्ना’ म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. तीन दिवस फोका नदीत भिजत घातल्या, चेस्टनटच्या पट्टीचा काठ केला, खिळा एकही नाही. भाचीच्या लग्नात मला तिच्या हातात देऊन म्हणाला, “राकेले, सोन्याला चोर लागतात. हिला कोण नेतंय?” बिचारा मामा. त्याला काय ठाऊक, घरचीच नेतात म्हणून.

पहिल्याच दिवशी राकेलेनं मला एक नियम लावला. टोपली रिकामी वर येणार नाही आणि रिकामी खाली जाणार नाही. खाली जाताना निदान काल राहिलेलं चार घास वांगं, नाहीतर वाण्यासाठी वाचून झालेलं वर्तमानपत्र. वर येताना दुसरं काही नसलं तर वाणी साबातो कोथिंबिरीसारख्या पार्सलीची जुडी टाकायचा, फुकट. मी काय काय वाहिलं म्हणता! पाव, औषधं, चिठ्ठ्या, एकदा मांजरीचं पिल्लू, एकदा तिचा मुलगा अनिएल्लो शाळेला विसरून गेला तो डावा बूट. पोरगा एका पायात बूट घालून खाली पोचला होता. अशी हुशारी त्याच्यात लहानपणापासूनच आहे.

आणि मी बघितलं किती! चार मजले वर-खाली करणाऱ्याला सगळ्या मजल्यांचं कळतं. कुणाकडे आज नुसत्या शेंगा शिजल्या, कुणी सुनेशी अबोला धरलाय, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांत नवऱ्याचे शर्ट दिसेनासे झालेत.

मोठी जहाजं यायला लागली ती पुढे. सकाळी धक्क्याला लागायची, संध्याकाळी भोंगा वाजवून निघायची. त्यातली माणसं मी दुरूनच ओळखायला शिकले. पहिल्यांदा आलेला माणूस पळतो. ज्वालामुखी, गाडलं गेलेलं गाव, पलीकडचं बेट, सगळं एका दिवसात. दुसऱ्यांदा आलेला जरा चालतो. त्याच्या हातात कागद असतो. तिसऱ्यांदा आलेला कधीतरी थांबतो. थांबणारे थोडे. मला थांबणारे आवडतात.

बेरित दुसऱ्या खेपेलाच थांबली, दोन वर्षांपूर्वी. नॉर्वेची बाई, साठीची, उन्हानं टोमॅटोसारखी लाल. आमच्या पायऱ्या चढून येऊन मधल्याच पायरीवर बसली. हातातल्या कागदावर लिहिलं होतं, ‘दुसऱ्यांदा येणाऱ्यांनी काय पाहावं’. त्यात समुद्रातला किल्ला होता, दोन संग्रहालयं होती आणि एक मिठाईचं दुकान होतं. कागद खोटा नव्हता. फक्त आमच्या गल्लीपर्यंत त्याची शाई पोचली नव्हती.

तिनं खुणेनं साबातोला विचारलं, इथं बघण्यासारखं काय?

“इथं?” साबातोनं मिशीवरून हात फिरवला. “माझं दुकान. आणि थांबा, आत्ता वरून एक बाई खाली येईल, बघा.”

आणि मी खाली आले. बेरित जी उठून उभी राहिली! मला सगळीकडून न्याहाळलं. दोरीला गाठ इथंच का, पाव फडक्यात का गुंडाळायचा, वरच्या बाईला पाव आला हे कळतं कसं, भिंतीतल्या देवीला मंगळवारीच ताजी फुलं का. तोंडानं नाही, बोटांनी विचारत होती. वरून राकेले बघत होती. तिनं मला ओढून घेतलं आणि पाच मिनिटांनी परत सोडलं, तेव्हा माझ्यात कॉफीचा कप होता, वर बशी पालथी घातलेली. एक थेंब सांडला नाही. मी सांडत नसते.

बाई दोन घोट घेते न घेते तोच बंदरावर भोंगा झाला. ती दचकली आणि पायऱ्या उतरत पळाली, कप हातात तसाच. राकेलेच्या लग्नातल्या सहा कपांतला तो एक.

“गेला तुमचा कप, दोन्ना राके!” साबातो ओरडला.

“जाऊ दे,” राकेले वरून म्हणाली. “तिच्या घरी काहीतरी चांगलं असायला नको?”

पण त्या दिवसापासून ती कपाटात पाच कप सहा जागांवर मांडायची. एक जागा मोकळी.

आता नुन्झिया. ही अनिएल्लोची बायको. नवरा-बायको आमच्याच इमारतीत खाली रस्त्यालगतच्या खोलीत राहतात, राकेले एकटी चौथ्या मजल्यावर. नुन्झिया कामाला वाघीण आहे, ते मी नाकारत नाही. पण गेल्या वसंतात माझी मूठ जरा सुटली, तर ही म्हणाली, “मम्मा, द्या टोपली, दुरुस्त करून आणते.” नेली. तार गुंडाळली. आणि परत वर पोचवायची सोडून स्वतःच्या दारात, पाहुण्यांच्या नाकाच्या उंचीवर, खिळ्याला टांगली. लिंबं भरली. पाटी लावली. शेजारी साबण आणि चुंबकं मांडून विकायला बसली.

राकेलेला तिनं प्लॅस्टिकची बादली नेऊन दिली. “मम्मा, ही हलकी आहे.”

“बादली फरशी पुसायला असते, पाव आणायला नाही,” राकेले म्हणाली. एकदा विचारलं, “टोपली झाली का गं?” नुन्झिया म्हणाली, “होतेय.” दुसऱ्यांदा राकेलेनं विचारलं नाही. स्वतःची वस्तू दोनदा मागायची नाही, हा त्या बाईचा कायदा. एका सकाळी सज्जात आली, खाली बघितलं, मला लिंबांसकट बघितलं, आणि आत जाऊन झडपा लावून घेतल्या. त्यानंतर त्या उघडल्या नाहीत.

मग दोन वेळचं ताट नुन्झिया वर नेऊन ठेवायची. चौऱ्यांशी पायऱ्या. सहा महिने गेले आणि ती नवऱ्याला सांगायला लागली, “तुझी आई बाहेर येत नाही, टोपली सोडत नाही, कुणाशी बोलत नाही. आता तिला एकटीला झेपत नाही. आव्हेर्सा गावी तुझ्या धाकट्या भावाकडे पाठवू. त्याचं घर तळमजल्यावर आहे. वरच्या खोल्या जहाजवाल्या पाहुण्यांना देऊ.”

बघा मित्रांनो! टोपली आपणच पळवायची, आणि म्हणायचं म्हातारी टोपली सोडत नाही. आणि अनिएल्लोनं मान डोलावली. एका बुटावर शाळेत निघालेला पोरगा तो.

न्यायचा दिवस ठरला. शनिवार. अनिएल्लो सकाळी साबातोच्या दुकानातून रिकामी खोकी घेऊन आला. मी खिळ्यावरून सगळं बघत होते, आणि मला एक शब्द काढता येईना. वरची झडप बंद. त्या दिवशी राकेले गेली असती तर मी जन्मभर लिंबं सांभाळत बसले असते. आणि ती आव्हेर्सात बसली असती. तळमजल्यावर. तळमजल्यावरून खाली काय सोडणार माणूस?

आणि पायऱ्यांवरून लाल तोंडाची बाई वर येताना दिसली.

बेरित! हातात कागद नव्हता. सरळ येऊन माझ्यासमोर उभी राहिली. लिंबं बघितली, पाटी वाचली, आणि मान वर करून चौथ्या मजल्याच्या बंद झडपांकडे बघत राहिली.

“फोटो?” नुन्झियानं विचारलं.

“नाही,” बेरित म्हणाली. आमच्या भाषेत! दोन वर्षं शिकवणी लावून आली होती. “बाई कुठे? वरची?”

“झोपलीय. म्हातारी झाली. बाहेर येत नाही आता.”

बेरितनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेला कप काढला. “मी... चोर. कप घेतला. आणला परत.”

साबातो दुकानातून धावतच आला. “असला चोर बघितला नाही! दोन वर्षांनी मुद्देमाल घेऊन स्वतःच हजर!”

“द्या, मी देते वर,” नुन्झिया म्हणाली.

बेरितनं कप छातीशी धरला. “नाही. टोपलीतून आला. टोपलीतून जाणार.”

साबातोनं दोन्ही हात तोंडाशी नेले. “दोन्ना राके! टोपली सोडा!”

मग झडपेच्या फटीतून आवाज आला, ताठ, सहा महिन्यांत जराही न गंजलेला.

“कुठली टोपली रे साबातो? माझी टोपली तुझ्या नाकासमोर लिंबं विकतेय!”

अनिएल्लोच्या हातातलं खोकं पडलं. “मम्मा! तू बाहेर का येत नव्हतीस मग?”

“येऊन काय बघू? माझेच धिंडवडे निघालेले?”

झडपा उघडल्या. राकेले सज्जात उभी. नीट विंचरलेली, कानात कुड्या. आपल्याला आज नेणार आहेत हे तिला माहीत होतं. जायचंच तर नेटकं जायचं म्हणून तयार होऊन बसली होती.

“दोरी सोडा!” साबातो ओरडला.

“दोरी टोपलीबरोबर गेली!” असं म्हणून तिनं कपडे वाळत घालायची दोरी सोडवली आणि तीच खाली फेकली. टोकाला एक उशीचा अभ्रा चिमट्यासकट लटकत आला. साबातोनं मला खिळ्यावरून उतरवलं, पाटी काढली आणि पालथं केलं. लिंबं टणाटण उड्या मारत पायऱ्यांवरून बंदराच्या दिशेनं निघून गेली. खालची पोरं ओरडली, “जहाज पकडायला निघाली!”

बेरितनं कप ठेवला. रिकामा नाही हं. नियम तिनं एकदाच बघून लक्षात ठेवला होता. कपात वाळवलेल्या कॉड माशाचा तुकडा शेपटीसकट उभा होता. आमच्याकडे नाताळला तो लागतोच. तो हिच्या गावाहून येतो हे कळल्यावर साबातो तिच्याकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखा बघायला लागला. पार्सलीची जुडी त्यानं टाकलीच.

“थांब, मी वर येऊन ओढतो,” अनिएल्लो जिन्याकडे वळला.

“जागचा हलशील तर बघ!” वरून आवाज.

आणि तिनं मला ओढलं. एक हात, मग दुसरा हात. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर जरा थांबली, श्वास घेतला, दोरी मनगटाला गुंडाळली. मग चौथा. कप तिच्या हातात आला. नुसती त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

खाली अनिएल्लो बायकोला म्हणाला, “तिला झेपत नाही म्हणालीस ना?”

“ती सोडतच नव्हती टोपली!”

“टोपली होती कुणाच्या दारात?”

गल्ली हसली. नुन्झियाचे डोळे भरून आले. “हसा! रोज दोनदा चौऱ्यांशी पायऱ्या ताट घेऊन मी चढते, ते दिसलं का कुणाला? गुडघे माझे दुखतात!”

खरं होतं ते. मलाही मानावं लागलं.

वरून राकेले म्हणाली, “मला दिसलं. पण ताट ठेवायचीस आणि पळायचीस. एकदा टेकली असतीस तर कॉफी केली असती.”

अनिएल्लोनं खोकी उचलली आणि एकात एक घालून साबातोच्या दुकानात परत नेऊन ठेवली. “मम्मा कुठं जात नाही,” म्हणाला. इतकं साधं वाक्य बोलायला त्याला पन्नास वर्षं लागली.

मग त्याच कपातून बेरितला कॉफी आली. या खेपेला ती पायरीवर बसून हळूहळू प्यायली, कप माझ्यात ठेवला, आणि भोंगा व्हायच्या आधी सावकाश उतरून गेली. जाताना साबातोला म्हणाली, अजून पुष्कळ बघायचं राहिलंय, पुढच्या वर्षी येते.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिला शोभेला टांगू नका. तिच्याकडून काम घ्या. आणि जुनं माणूस गप्प झालं, तर ते थकलं म्हणण्याआधी त्याच्या हातातलं कुणी काय काढून घेतलंय ते बघा.

टोपल्या बोलत नाहीत, करकरतात, असं लोक म्हणतात. त्या दुपारी नुन्झिया मान खाली घालून दारातली चुंबकं आवरत होती. राकेलेनं मला सज्जाच्या कठड्यावर ठेवलं, आणि मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं करकरले. ते हे होतं:

“नुन्झे, वर बघ. अठरा वर्षं झाली तुला या घरात येऊन, पण पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखी नुसती पळतेस. कष्ट तुझे खरे, गुडघे तुझे खरे, पण सासू तू अजून पाहिलेली नाहीस. उद्या ताट नको आणूस, मी खाली येऊन घेऊन जाईन. तू रिकाम्या हातानं चढ, बस, आणि बघ.”