धाकट्याचा खाडा

धाकटा लेक विमान चालवतो, हे सांगताना मोठीबाईंची मान आपोआप ताठ व्हायची. पण सांगायचं कुणाला? नवरा गेल्यावर त्या धाकट्याकडे राहायला आल्या त्या थेट अकराव्या मजल्यावर. शेजारपाजारची दारं बंद. लिफ्टमधली माणसं वरच्या आकड्यांकडे टक लावून उभी राहायची, जणू बाईंकडे बघितलं तर दंड बसणार होता. जिच्या जिभेला सबंध आळी टरकून असायची, तिला इथे भांडायलासुद्धा माणूस मिळेना.

धाकटा घरात असून नसल्यासारखा. रात्री उडायचा नि दिवसा झोपायचा. त्याच्या खोलीला जाड काळे पडदे. तो झोपला की मिक्सर बंद, नळ बारीक, पायात चपलासुद्धा नाहीत. पोटच्या पोराच्या घरात बाई चोरासारख्या अनवाणी फिरायच्या. भिंतीपलीकडे लेक घोरतोय, एवढीच काय ती सोबत.

त्या दिवशी सकाळी तो शिंकतच बाहेर आला. लागोपाठच्या रात्रपाळ्यांनी डोळे खोल गेलेले. टेबलापाशी बसून त्याने नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि गाल फुगवले.

"हा काय पोरखेळ?" बाई म्हणाल्या.

"कान बघतोय. असा दाब दिला की दोन्ही कान फट्‌दिशी उघडायला हवेत. डावा बंद आहे. असाच वर गेलो तर उतरताना कानाचा पडदा फाटेल. त्या कळा सोसत विमान कोण उतरवणार? दुपारपर्यंत नाही उघडला, तर येत नाही म्हणून कळवतो."

"सर्दीसाठी? तुझ्या बापाने ताप अंगावर काढून ट्रक चालवला. आपल्या घराण्यात कामाला खाडा कुणाला ठाऊक नाही. आणि कॅप्टनसाहेब नाक गळतंय म्हणून घरी बसणार! लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, आई?" तो हसत म्हणाला.

ते बाईंना वर्मी लागलं. त्यांनी बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढून त्याच्यापुढे आपटली. "ही पिवळी घे. तासाभरात नाक कोरडं."

"हिच्याने गुंगी येते. ही घेऊन कामावर जाता येत नाही. उचल ती."

"मी घेते ती! मला कुठे येते गुंगी?"

"तू घेतेस आणि दुपारभर घोरतेस."

तो अंघोळीला गेला. बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. अक्षरशत्रू असल्या तरी चार पोरांची आजारपणं त्यांनी काढली होती, आणि न खाणाऱ्याच्या पोटात औषध कसं घालायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दोन चमच्यांमध्ये गोळी भरडली, कपात टाकली, वर साखर अंमळ जास्त.

"आज चहा एवढा गोड का?"

"तोंड तुझं कडू, आणि नावं माझ्या चहाला!"

जेवणं झाल्यावर त्याने पुन्हा गाल फुगवले आणि ओरडला, "आई, उघडला!" लगेच फोन लावला. "हो, बरा आहे. येतोय." इस्त्रीचा शर्ट हातात देताना बाई गालातल्या गालात हसल्या.

त्या पाण्याची बाटली भरून बाहेर आल्या, तर धाकटा स्टुलावर बसल्या जागी झोपलेला. एका पायात बूट, दुसरा हातात, हनुवटी छातीला टेकलेली. फोन वाजला तसा दचकला. "हं, गाडी खाली आली." आणि हातातला बूट तो बूट घातलेल्याच पायावर चढवू लागला.

"अंग जड झालंय नुसतं," स्वतःवरच हसत तो म्हणाला. "कॉफी घेतली की जाईल."

लिफ्टमधली ती माणसं बाईंच्या डोळ्यांपुढे आली. आता ती आकड्यांऐवजी खिडकीबाहेर बघत बसलेली, निवांत, त्यांच्या लेकाच्या भरवशावर. मोठीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी ख्याती होती. पण 'माझं चुकलं' एवढं त्या तोंडातून आजवर निघालं नव्हतं. आताही निघेना. त्या फक्त दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"सरक ना, आई. उशीर होतोय."

"चहात गोळी होती."

"कसली?"

"पिवळी."

धाकटा ओरडेल म्हणून बाईंनी जीभ परजून ठेवली होती. तो ओरडला नाही. खाली बसला, बूट काढला आणि फोन लावला. "मघाशी बरा आहे म्हणालो ते धरू नका. मी अनफिट आहे. सर्दीची गोळी पोटात गेलीय... हो, चूक माझीच."

"आईने घातली म्हणून सांग की," बाई पुटपुटल्या.

"बंद कान मला सांगत होता, जाऊ नकोस म्हणून," तो म्हणाला. "तू त्याचंच तोंड दाबलंस, आई."

"दे, चार शिव्या दे."

"झोप येतेय गं." फोन तिथेच टेबलावर ठेवून तो आत गेला. दार लागलं. पडदे ओढल्याचा आवाज आला.

बाईंनी चपला काढल्या. सगळी उत्तरं तयार होती आणि प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. कधी नव्हे तो लेक आज संध्याकाळी घरी होता, दाराआड.

फोन टेबलावर थरथरू लागला. आवाज आत जाऊ नये म्हणून बाईंनी तो झडप घालून उचलला.

"कॅप्टन आहेत का?" कचेरीतली कुणी मुलगी होती. "त्यांच्या जागी दुसरे निघालेत, एवढंच सांगायचं होतं."

"झोपलाय तो. आज खाडा आहे त्याचा."

"काय आहे?"

"खाडा. पण त्याचा दोष नाही हो. माझं चुकलं. त्याचे वडील ट्रक चालवायचे, त्यांना कधी..."

"बरं आजी, काळजी घ्या हं," मुलगी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

बाईंनी तो तसाच कानाशी धरला आणि राहिलेलं सगळं सांगितलं, धाकटा जागा होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात.