रेसचा हात

मोटरसायकलवाल्यांची एक रीत आहे. समोरून दुसरी मोटरसायकल आली की डावा हात हँडलवरून जरासा उचलायचा. ओळख असो, नसो. गाडी नवीकोरी असो की नट खुळखुळणारी. समोरचाही हात उचलतो आणि दोघे आपापल्या वाटेने निघून जातात, पुन्हा जन्मात भेटत नाहीत. हात डावाच, कारण उजव्या हातात रेसची मूठ असते आणि ती सोडली की गाडीचा जीव जातो. चारचाकीवाल्यांना यातलं काही कळत नाही. त्यांना वाटतं, हे सगळे एकमेकांचे पाहुणे लागतात.

मशिनवाल्यांनी ही रीत उभं आयुष्य पाळली. मशिनवाले म्हणजे शिलाई मशिनं दुरुस्त करणारे. मागच्या सीटवर हत्यारांची पत्र्याची पेटी आवळून ते गावोगाव फिरत. त्यांच्या स्वभावाबद्दल फार चांगलं कुणी बोलत नसे. "मशिनला तेल कधी पाजलं होतं?" हे ते अशा सुरात विचारत की गिऱ्हाईक आधी घाबरायचं आणि मग खोटं बोलायचं. सख्ख्या भावाशी त्यांनी एका शिडीवरून अबोला धरला होता. शिडी केव्हाच मोडली, अबोला शाबूत होता. पण रस्त्यावर कुणी केलेला हात त्यांनी कधी वाया जाऊ दिला नाही. "हात करणाऱ्याला हात न करणं म्हणजे तोंडावर दार लावणं," असं ते म्हणत. घरी आलेल्या माणसांच्या तोंडावर त्यांनी दार लावलेलं धाकटीने पाहिलं होतं, पण तो मुद्दा वेगळा.

धाकटी ही त्यांची दुसरी मुलगी. थोरली लग्न होऊन लांब गेली, धाकटी आईवडिलांजवळ राहिली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या कानांमागे काड्या नीट बसवायच्या, नाकावर फ्रेम घसरते का ते बघायचं, हे तिचं काम. माणसं इतक्या जवळून पाहिल्यामुळे ती कुणाला फारशी घाबरत नसे. बापाला तर नाहीच.

मग एका सकाळी मशिनवाल्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला आणि त्यापाठोपाठ डावं अंगच सुटलं. अंगावरून वारं गेलं. "जन्मभर अंगावरून वारंच घेतलंय, एवढ्याने काय होतंय मला," असं ते इस्पितळात वाकड्या तोंडाने म्हणाले आणि नर्स हसली. त्यानंतर त्यांनी कुणाला हसवलं नाही. तोंड सरळ झालं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र मांडीवर पडून राहिला, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या सामानासारखा.

त्यांनी आपली खुर्ची खिडकीकडे पाठ करून लावून घेतली. खिडकीखालून मोटरसायकली जात. आवाजावरून त्यांना गाडी ओळखू येई, आधी ते मोठ्याने सांगतही, पण आता ओठ आवळून बसत. जेवण अर्धं टाकत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी दोनदा झोपेचं सोंग घेऊन परत पाठवलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी धाकटीला बाजूला घेतलं.

"तब्येत तशी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण हे घराबाहेर पडले नाहीत तर त्या खुर्चीतच संपतील. मी उगाच घाबरवत नाहीये तुम्हाला."

धाकटी घाबरली. त्या रात्री तिने उशीत तोंड खुपसून रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर थेट वेल्डरकडे गेली. वेल्डर हा बाबांचा जुना दोस्त. त्याने भंगारातल्या खुर्चीचा सांगाडा, एक चाक आणि पत्रा जमवून बाबांच्या मोटरसायकलला साइडकार जोडून दिली. पुढे धरायला आडवा दांडा बसवला. त्याच्याच मागच्या मैदानात धाकटीने पुन्हा गाडी चालवायला शिकून घेतलं. लहानपणी बाबांनी शिकवलं होतं, पण नंतर बसचा पास काढला आणि सगळं विसरली. साइडकारची गाडी तर आणखी हट्टी. सरळ जायचं म्हटलं तरी एका अंगाला ओढते.

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," आई म्हणाली. "ते पडले तर? तू पडलीस तर?"

"आई, ते आत्ता कुठे उभे आहेत?"

आई कपाटाकडे वळली. तिने बाबांचं जाड जाकीट ऊन दाखवून ठेवलं.

बाबा पहिल्यांदा साइडकारमध्ये बसले ते केवळ वेल्डिंग कच्चं आहे हे सिद्ध करायला. आईने त्यांच्या दोन्ही हातांत हातमोजे चढवले, डावा हात उचलून मांडीवर ठेवला. उजव्या हाताने त्यांनी समोरचा दांडा धरला, आणि गल्ली संपायच्या आत धाकटीला दिसलं की बाबा गाडी चालवतायत. दांड्यावर त्यांची मूठ फिरत होती. चढ आला की मूठ आवळून रेस देत, वळण आलं की कमी करत. धाकटीला तर ते बरंच वाटलं. ती रस्ता कमी आणि ती मूठ जास्त बघू लागली. मूठ फिरली की रेस द्यायची, सैल झाली की सोडायची. दोघांनी मिळून गाडी गावाबाहेर काढली.

तिथे समोरून पहिली मोटरसायकल आली. चालवणाऱ्याने साइडकार पाहिली, खूश झाला आणि हात केला. धाकटीने हँडल असं धरलं होतं की ते सोडण्यापेक्षा तिने जीव सोडला असता. बाबांच्या मांडीवरचा हात पडलेला होता, तसाच राहिला. त्यांच्या खांद्याने एक हिसका दिला, पण खांद्याखाली कुणी ऐकलं नाही. मोटरसायकलवाला हात तसाच धरून निघून गेला. मग दुसरा आला, त्यानेही केला. त्यानंतर एक जोडपं आलं, त्यातल्या मागच्या बाईने तर दोन्ही हात केले.

"घरी घे," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवून घेतली. "मला परत त्यात बसवायचं नाही. गाडी विकून टाका."

"लाज वाटली असेल," धाकटी स्वयंपाकघरात आईला म्हणाली. "टोपल्यात घालून नेल्यासारखी."

"लाज नाही गं," आई म्हणाली. "कुणीतरी हात केला असेल, आणि यांना करता आला नसेल. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही या माणसाचा."

धाकटीला ते एकदम पटलं, आणि पटल्यावर फार वाईट वाटलं. बाबांना जगाकडून हवी होती ती एवढीच गोष्ट, आणि ती तिने मोठ्या हौसेने त्यांच्यासमोर नेऊन त्यांच्या हातून हिसकावून घेतली होती.

पुढची पायरी डॉक्टरीणबाईंमुळे आली. त्यांनी तपासणीला बोलावलं होतं, दवाखाना रेल्वे फाटकापलीकडे होता, आणि बंद चारचाकीत बसलं की बाबांना मळमळायचं. साइडकारमध्ये बसायला ते तयार झाले, पण अट घालून. हेल्मेट काळ्या काचेचं हवं, आणि काच खाली. नकोसा माणूस दिसला की आपण वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो ना, तसला प्रकार. धाकटीने मान्य केलं. माणूस बाहेर पडतोय, मग भले बुरख्यात पडू दे, असा विचार तिने केला.

फाटकापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. बाबा दांड्यावरून रेस देत होते, धाकटी त्यांच्या मुठीकडे बघून गाडी हाकत होती. फाटक मात्र पडलेलं निघालं. रस्ता तिथे चढाचा. धाकटीने गाडी थांबवली. साइडकारच्या वजनाला पायाचा ब्रेक पुरेना, म्हणून एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्याने क्लच दाबून धरला. बाबांच्या गाडीचा न्यूट्रल हा एक स्वतंत्र आजार होता. त्यांच्याशिवाय तो कुणाला सापडत नसे.

रुळांपलीकडच्या फाटकाशी एक मोटरसायकलवाला येऊन थांबला. दाढीवाला, गाडीला दोन्हीकडे पिशव्या लटकवलेल्या. त्याने यांना पाहिलं आणि डावा हात वर केला.

चालत्या गाडीवरचा हात एका क्षणात मागे पडतो. हा पडेना. माणूस समोर उभा, हात वर, तोंडावर हसू, आणि मध्ये फक्त रूळ.

"हात कर त्याला," बाबा काचेआडून म्हणाले.

"माझे दोन्ही अडकलेत. चढ आहे, बाबा. ब्रेक सोडला तर मागच्या गाडीवर जाऊ."

"न्यूट्रल कर."

"सापडत नाहीये. तुम्हाला माहितीये ना तो."

"मग तो काय समजेल?"

"तुम्ही करा."

"मी कुठून करू? मेलाय हात माझा."

"उजवा आहे की."

"तो रेसचा," बाबा म्हणाले.

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की धाकटीलाही क्षणभर पटलं. खरंच, तो रेसचा हात. त्याने कसा करणार? मग तिने खाली पाहिलं. दांड्यावर मूठ घट्ट होती, मनगट किंचित वळवलेलं. इंजिन बंद पडू नये म्हणून चढावर जेवढी रेस धरून ठेवावी लागते, तेवढी त्या मुठीने धरून ठेवली होती. रिकाम्या लोखंडी दांड्यावर. घरात इतके दिवस सगळे त्या मेलेल्या हाताकडे बघत बसले होते, डॉक्टरीणबाई, आई, ती स्वतः, आणि चांगला हात कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "रेस माझ्याकडे आहे."

 पलीकडच्या माणसाने हात खाली घेतला, आणि मालगाडी आली.

मालगाडी लांबलचक होती. डब्यामागून डबे जात राहिले, जमीन हादरत राहिली, आणि धाकटीला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. त्यांनी एवढंच तर धरून ठेवलं होतं. कुणाला त्रास नव्हता त्याचा. उलट तिलाच आधार होता. एका माणसाला हात करण्यासाठी बापाने आपली गाडी सोडून द्यावी, असं सांगणारी ती कोण? तिचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटचा डबा गेला. आवाज लांब गेला. पलीकडे दाढीवाला तसाच उभा होता, पण आता तो फाटकाच्या दांडीकडे बघत होता. त्याच्या बाजूने प्रकरण संपलं होतं. आता हात व्हायचा तर आधी इकडूनच व्हायला हवा होता.

बाबांची मूठ सुटायला वेळ लागला. आधी मनगट सरळ झालं. मग बोटं एकेक करून दांड्यावरून उठली. हात हेल्मेटकडे गेला आणि त्याने काळी काच वर केली. मग तो आणखी वर गेला. उजव्या हाताला या कामाची सवय नव्हती, किती उचलायचा हे त्याला माहीत नव्हतं. वर्गात एकट्यालाच उत्तर येत असलेल्या पोरासारखा तो सरळ आभाळात गेला आणि तिथेच राहिला.

दाढीवाल्याने पाहिलं. तो मोठ्याने हसला आणि त्यानेही हात केला, तितकाच उंच.

फाटक उघडलं. रुळांवर दोन्ही गाड्या एकमेकींच्या बाजूने गेल्या तेव्हा दाढीवाल्याने मान लववली, आणि बाबांनीही लववली. बस, एवढंच. तो त्याच्या रस्त्याने गेला.

"क्लच हळू सोड," बाबा म्हणाले.  "धक्के देतेयस."

"हो."

"आणि त्या दवाखानेवालीला सांग, व्यायामाची बाई परत पाठव म्हणावं. डाव्याला शिकवू दे काय शिकवायचं ते. हे काम त्याचं आहे."

फाटकापुढे उतार होता आणि उतारावर मोठं वळण. धाकटीने सवयीने खाली पाहिलं, रेस कधी सोडायची ते बघायला. दांडा मोकळा होता. बाबांचा उजवा हात मांडीवर आला होता, डाव्या हातावर ठेवलेला, आणि ते मान उंच करून पुढे कुणी मोटरसायकलवाला दिसतोय का ते बघत होते. वळण तिचं तिने घेतलं.