हळद-कुंकवाखालचा प्रोसेसर

मित्रांनो, येवल्यातल्या एका पैठणीचा पदर ज्या जुन्या संगणकावर रेखला गेला, त्याच्या पोटातला मी प्रोसेसर. आकाराने पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. पडद्यावर जे काही उमटते, त्यामागची सगळी आकडेमोड माझी.

माझा जन्म वाळूतला. वाळूपासून सिलिकॉन काढतात, त्याच्या पातळ चकत्या करतात आणि प्रकाशाने त्यांवर रेषा कोरतात. रेषा जितक्या बारीक, तितके कसब मोठे. पुढे येवल्यात मला हे ओळखीचे वाटले. पैठणीच्या मागावरही तार जितकी बारीक, तितका विणणाऱ्याचा मान मोठा.

त्या काळी कंपन्यांमध्ये वेगाची चुरस लागली होती. एकीने नवा आकडा जाहीर केला की दुसरी त्यावर मात करायला धावे. माझ्या पाठीवर ३.४ छापले होते, म्हणजे सेकंदाला तीन अब्ज चाळीस कोटी ठोके. त्या आकड्याचा मला ताठा होता. एवढे धावताना मी किती तापतो, ते मात्र पाठीवर छापलेले नव्हते. मला गार ठेवायला डोक्यावर एक पंखा दिला होता.

पहिली वर्षे देवळाली कॅम्पच्या एका सायबर कॅफेत गेली. जवानांच्या बायका दूरच्या नवऱ्यांना ईमेल लिहीत. सुट्टीत मुले माझ्यासमोरच्या खुर्चीसाठी भांडत. मग शेजारच्या टेबलावर नवा संगणक आला. त्याच्या प्रोसेसरचा आकडा माझ्याहून लहान, तरी कामात तो पुढे. कंपन्यांना कळून चुकले होते, की आम्हाला आणखी पळवले तर आम्ही जळू. म्हणून त्यांनी एकाच तुकड्यात आकडेमोड करणारे दोन गाभे, म्हणजे दोन कोअर, बसवले आणि काम वाटून दिले. पुढे चार झाले, आठ झाले, रेषा आणखी बारीक झाल्या. मुलांनी खुर्ची बदलली.

नाशिकला शिकणाऱ्या अश्विनने मला कॅफेतून विकत घेतले आणि शिक्षण संपल्यावर येवल्याला आपल्या आत्याकडे, मालनबाईंकडे पोचवले. त्यांचे यजमान रंगनाथ पैठणी विणतात आणि नक्षी मालनबाई काढतात. पूर्वी त्या चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत. डोळ्यांनी बारीक घरे दिसेनाशी झाली, तेव्हा माझ्या पडद्यावर मोठी करून रंगवू लागल्या. कितीतरी मोर आणि कमळे आम्ही दोघांनी मिळून काढली.

खंडेनवमीला त्या घरात माग, आडवा धागा नेणारा धोटा आणि कात्री यांच्याबरोबर माझीही पूजा होई. यंत्राचा जो भाग फिरतो त्याला कुंकू लावायचे, हा मालनबाईंच्या माहेरचा शिरस्ता. माझ्या खोक्यात फिरतो तो पंखा. म्हणून त्या मागच्या जाळीतून हळद-कुंकवाची चिमूट आत सोडत. वारा ती ओढून घेई आणि त्यांना वाटे, पूजा पावली.

यंदा त्यांच्या लेकीचे, वैष्णवीचे लग्न मार्गशीर्षात करायचे ठरले. रंगनाथांनी जन्मभर परक्या लेकींसाठी पैठण्या विणल्या, घरात एकही राहिली नाही. या वेळी त्यांनी स्वतःच्या लेकीसाठी माग लावला. पदरावर दोन पोपट आणि मधे डाळिंबाची फांदी, अशी नक्षी मालनबाईंनी रेखली. साडीचे अंग विणून झाले, पदर तेवढा उरला. आणि नक्षी कागदावर छापायला घेतली की मी बंद पडू लागलो. फार तापलो की जळण्याआधी थांबायचे, अशीच आमची घडण आहे.

रंगनाथ बायकोला म्हणाले, "पोपट शेपटीपर्यंत येतो अन् मरतो. पोरीनं काय बिनशेपटीचा पोपट मिरवायचा?"

मालनबाईंनी अश्विनला बोलावून घेतले. तो नवा लॅपटॉप घेऊन आला, पण नक्षीचा जुना प्रोग्रॅम त्यावर चालेना.

"सोळा गाभे आहेत याच्यात, काका," अश्विन म्हणाला.

"सोळा जण असून एकालाही पोपट येत नाय?"

अश्विनने मग माझे खोके उघडले. पंख्याच्या पात्यांवर हळद-कुंकवाचा चिकट थर बसला होता, त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

"आत्या, ही पूजा कोणाची?"

"माझीच. दर नवमीला करते. का रे, काय चुकलं?"

"नाकात कुंकू भरलंस तू याच्या."

रंगनाथ म्हणाले, "मला कपाळालाच टिळा लावते, हे माझं नशीब."

अश्विनने ब्रशने सगळे झाडले. पण पंखा थकला होता आणि तसा नवा पंखा आता नाशिकलाही मिळत नव्हता. तेव्हा त्याने माझ्या मुळाच्या सेटिंगमध्ये जाऊन माझा वेग जवळजवळ निम्म्यावर आणला. मला ते लागले. ज्या आकड्यासाठी मला घडवले, तो पाठीवर नुसता छापलेला राहिला.

छपाई सुरू झाली. मालनबाईंनी खोक्यावर हात ठेवला. तो तापतो का, हे त्या बघत होत्या.

"हळू चाल बाबा," त्या म्हणाल्या, "पण पोच."

चोच आली, मान आली, पंख आला. दुपार कलली तेव्हा शेपटीही आली. रंगनाथांनी कागद मागासमोर टांगला आणि धोटा हातात घेतला. माझ्या आयुष्यात मला कोणी हळू चाल म्हटले नव्हते, आणि तसे चाललो तेव्हाच मी पोचलो.

मित्रांनो, नव्या प्रोसेसरचे आकडे तुम्ही जरूर बघा. ते माझ्याहून फार पुढे गेले आहेत, आणि ते चांगलेच झाले. पण घरातले जुने यंत्र बंद पडले की लगेच भंगारात देऊ नका. आधी त्याची जाळी झाडा, त्याला वारा मिळतो का ते पाहा. झेपेल तेवढेच काम सांगितले तर म्हातारे यंत्रही उपयोगी पडते.

लग्नाला निघताना मला पदर दाखवायला मालनबाई वैष्णवीला माझ्यासमोर घेऊन आल्या. त्यांचे कुंकवाचे बोट सवयीने मागच्या जाळीकडे गेले आणि तिथेच थबकले. मग वळसा घालून समोरच्या पत्र्यावर टेकले.