बोल्टाचा डावा कान

दिरानं लाथ घालून दार उघडलं, तेव्हा बंदुका दुरुस्त करणारी त्याची वहिनी त्याच्याच रायफलीच्या बोल्टाचे कान घासत होती. बोल्ट म्हणजे गोळीमागून नळी बंद करणारा लोखंडी दट्ट्या; त्याच्या तोंडाशी दोन कान असतात. ते आत खाचेत अडकतात नि बाराचा धक्का खातात. दोन्ही सारखे टेकले पाहिजेत. म्हणून ती कानांना काजळी फासायची, बोल्ट आत घालून फिरवायची नि बाहेर काढून बघायची, कुणाची पुसली. जो टेकतो त्याला पेस्ट लावून घासायचं, दुसरा टेकेपर्यंत.

काल चारचौघांत थोरल्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, धाकट्याला गुरासारखं बदडलं होतं. ओठ अजून टरारून सुजलेला. रायफल कशाला हवी, हे त्यानं लपवलंही नाही. थोरल्याला आज आडवाच करतो म्हणाला.

वहिनीनं चिंधीनं डावा कान पुसला नि तिचा हात थांबला. मुळाशी केसाएवढी चीर. इतकी वर्षं हा एकटाच मार खात होता, उजवा नुसता शोभेला.

"भाऊजी, हा कान फुटलाय. बार काढलात तर बोल्ट तुमच्याच तोंडात येईल."

"वा वहिनी. नवरा वाचवायला याहून बरी थाप नाही सुचली?"

चीर दाखवायला तिनं बोल्ट पुढे केला, तिथंच चुकलं. त्यानं तो हिसकावला. ती आडवी आली तर कोपर तिच्या नाकावर हाणलं. पेस्टच्या डब्यात रक्ताची धार लागली. त्यानं बोल्ट बसवला, खिशातली गोळी भरली. पेस्टमुळे बोल्ट अडला, तर तिचीच हातोडी उचलून दांड्यावर टोले घातले.

ठोकाठोकी ऐकून नवरा मागच्या अंगणातून धावत आला, तो थेट नळीसमोर.

वहिनीनं खांद्यानं नळी वर उडवली. गोळी छतात गेली. बोल्ट मागे आला.

धूर विरला तेव्हा दीर भिंतीला टेकून बसला होता. गाल फाटून दाढा दिसत होत्या, एक डोळा जागेवर नव्हता. "काय करून ठेवलंस गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

नवरा धापा टाकत हसला. "बोल्टात काय केलंस? मानलं बुवा तुला."

"काही नाही केलं. मी त्याला खरं तेच सांगितलं होतं."

"बरोबर. पोलिसांनाही हेच सांग," म्हणत त्यानं डोळा मारला.

तिनं त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की तो कानशील धरून खालीच बसला. मग दिराच्या डोळ्यावर चिंधी दाबून धरत ती म्हणाली, "अहो, गाडी काढा."