वाकळीचा धूर

महालिंगप्पाचं काही चांगलं झालं की शिवशरणच्या पोटात दुखे, आणि त्या पठ्ठ्याचं नेहमी चांगलंच होई. दोघं लोहारा गावचे. हैदराबादहून मुंबईला जाणाऱ्या विमानात दोघंही प्रवाशांची सरबराई करत. महालिंगप्पाची आई लहानपणीच गेली, तेव्हा शिवशरणच्या आईनं, शांतम्मानं, त्याला आपल्याच ताटावर वाढवलं. साय त्याच्या वाटीत आणि रट्टे शिवशरणच्या पाठीत! आता दोघांतल्या एकाला विमानातल्या सेवकांचा हेड नेमायचं होतं, आणि या फेरीनंतर कप्तान नाव सांगणार होता.

नेमकी आजच शांतम्मा विमानात होती. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली, मांडीवर नातवंडासाठी शिवलेली वाकळ. चढताना तिनं आधी हात फिरवला तो महालिंगप्पाच्या गालावरून. शिवशरणला ते दिसलंच. असलं त्याला बरोबर दिसे.

पहाटे सुटलेलं विमान उजाडता उजाडता नळदुर्गावर आलं, आणि पुढून ओरडा झाला, "धूर! धूर!" माणसं उभी राहिली.

"बसा, कुनीबी उठू नका!" महालिंगप्पा गरजला. शिवशरणनं भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं ओढून काढलं.

"दे इकडं. म्या पुढं हाय."

द्यायचं? म्हणजे हेडची जागाही ताटात वाढून द्यायची!

"सोड! म्याच इझिवनार!"

जीव मुठीत धरून बसलेल्या प्रवाशांसमोर दोन शहाणे नळकांडं ओढत राहिले. खटका दाबला गेला आणि सगळं औषध छताला लागलं. महालिंगप्पानं हात सोडला, पाण्याचा जग उचलला आणि धावला. मागोमाग शिवशरण.

धूर शांतम्माच्या मांडीवरून येत होता. धुमसती वाकळ ती उघड्या हातांनी दाबत होती, ओठ घट्ट मिटून. महालिंगप्पानं पाणी ओतलं. तिच्या तळव्यांवर फोड टरारले होते.

"अव्वा, वरडायचं न्हाय का?" शिवशरणनं आईला विचारलं.

"लिंगपूजा झाल्याबिगर म्या पानी घेत न्हाय, तुला ठावं हाय. पूजेला लावलेली उदबत्ती पडली रे वाकळीवर. वरडले असते तर साहेब म्हनला असता, शिवशरनच्या आईनंच आग लावली. तुजी जागा गेली असती."

तेवढ्यात कप्तान आला. "आग किसने बुझाई?"

शांतम्मानं महालिंगप्पाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"शिवशरणने, साहब," महालिंगप्पा म्हणाला.

कप्तानानं शिवशरणची पाठ थोपटली. हेडची जागा मिळाल्यातच जमा होती. पण शिवशरणचं लक्ष पाठीवरच्या हाताकडे नव्हतंच. हातची जागा देऊन टाकलेला महालिंगप्पा खाली बसून अव्वाच्या तळव्यांवर ओला रुमाल गुंडाळत होता, आणि ती त्याला "हळू रं, लेकरा" म्हणत होती. शिवशरणला त्याचा हेवा वाटला. जन्मभर वाटत आला होता तसाच. फक्त या खेपेला, हेवा करण्यासारखं महालिंगप्पात काय आहे, ते त्याला कळलं होतं.