खाजणाच्या बांधावरची सायकल

मित्रांनो, एका पत्राची आठवण झाली की माझ्या गंजलेल्या तारांनाही कापरे भरते. ते पत्र माझ्या सीटखालच्या चामडी पिशवीत कित्येक दिवस पडून होते. पालघरच्या शाळेतल्या दमयंतीबाईंनी ते माझ्या मालकांना लिहिले होते. मालकांनी त्याला उत्तर पाठवले नाही आणि त्यापायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला.

मी एक जुनी सायकल आहे. मला हे सारे नीट सांगता येईल की नाही, अशी शंका वाटते. तरी ऐका.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. भट्टीची आग आणि हातोड्याचे घाव सोसून मी बोईसरच्या एका दुकानात येऊन उभी राहिले. तिथून मला वामनरावांनी घरी आणले. ते पामला राहत आणि चिंचणीच्या ग्रंथालयात पुस्तके सांभाळत. त्यांनी कधी कोणाला शिकवले नव्हते, पण जाड चष्म्यामुळे सारा गाव त्यांना मास्तरच म्हणे. माणसांशी बोलताना त्यांची जीभ अडखळे. माझ्याशी मात्र ते भरभरून बोलत.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे खाजणात जायचो. पाम आणि दांडीच्या मध्ये खाडीचे पाणी शिरून ही दलदल झाली आहे. तिच्यातून एक मातीचा बांध बंद पडलेल्या मिठागरापर्यंत जातो. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, चिखलात तुरुतुरु धावणारे तुतवार, पाण्यात एका पायावर उभे बगळे! बांध कठीण असेल तिथे वामनराव माझ्यावर बसत, मऊ असेल तिथे उतरून मला हाताने नेत. बांधाचा प्रत्येक खळगा माझ्या चाकांना पाठ झाला होता. त्या काळी माझे कौतुकही होई. तारा पुसल्या जात, साखळीला तेल मिळे. पुढे त्यांचे वय झाले, विसर वाढला आणि खाऱ्या वाऱ्याने मला हळूहळू पोखरायला सुरुवात केली.

दांडीच्या काशीबाई सुकी मासळी घेऊन पामला येत. वाटेत माझा आवाज ऐकला की हसत.

“मास्तर, ही सायकल हाय का करवत? बगळे उडाले की वो सगळे!”

मास्तर ओशाळून हसत. तेल मात्र राहूनच जाई.

एका वर्षी त्यांनी ग्रंथालयाच्या हस्तलिखित अंकात खाजणातल्या पक्ष्यांवर दोन पाने लिहिली. ती वाचून दमयंतीबाईंचे पत्र आले. वामनरावांनी ते बांधावर बसून मला मोठ्याने वाचून दाखवले. ‘माझ्या वर्गातल्या मुलींना हे पक्षी दाखवावेत असे वाटते. कोणत्या वाटेने यावे? भरतीची वेळ कशी ओळखावी? मुलींना आणण्यापूर्वी मी एकदा स्वतः येऊन वाटेची पाहणी करून जाईन.’

वामनरावांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “मी कोण वाट सांगणारा? चुकीचं लिहिलं तर?” ते पुटपुटले. त्यांनी उत्तर लिहिले, फाडले, पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. रोज आम्ही टपालपेटीवरून जायचो. रोज माझा वेग तिथे कमी व्हायचा आणि पुन्हा वाढायचा.

त्याच पावसाळ्यात बांध मध्येच फुटला होता. ओहोटीला तिथे घोटाभर पाणी असे. कोणालाही वाटावे, सहज ओलांडू. पण भरती सुरू झाली की खालचा चिखल सैल होई आणि वरून धार सुटे. मिठागर बंद झाल्यापासून त्या बांधाने कोणी जात नव्हते. कोळी लोक होडीने खाडीच्या तोंडातून जात. ही फूट फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती, आणि वामनरावांनी ती कोणालाही सांगितली नव्हती. आपले कोण ऐकणार, असे त्यांना वाटे.

पौषातली अमावास्या होती. सकाळचे दाट धुके पडले होते. आम्ही बांधाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा काशीबाईंचे यजमान महादू होडी उपडी घालून तिला मुशी माशाचे तेल चोपडत होते. काशीबाई पाटी उतरवून बसल्या होत्या.

“मास्तर, तुमची पाव्हणी भेटली का?” त्यांनी विचारले.

“माझी? कोण पाहुणी?”

“पालघरची बाय. तुमचं नाव इचारीत होती. चिठ्ठीचं उत्तर नाय आलं, म्हून सवताच आली म्हणाली. मी सांगितलं, जा सरळ बांधान्, पार मिठागरापावेतो.”

वामनरावांनी माझी मूठ घट्ट धरली. “काशीबाई, बांध फुटलाय मध्ये!”

“कवा?”

“पावसात. मला ठाऊक होतं.”

काशीबाई ताडकन उठल्या. “ठाऊक होतं? आन् त्वांड शिवलं होतं का तुमचं? आज उधाण हाय मास्तर! पानी आत वळलंय!”

“होडी पाण्यात लोटा ना,” वामनराव गयावया करत म्हणाले.

“चार गडी लागतील तिला,” महादू म्हणाले. पण त्यांनी होडीतला दोर खांद्यावर टाकलाच होता.

आम्ही धावत सुटलो. फुटीशी आलो तर पाणी खळाळत आत घुसत होते आणि पलीकडे धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हते. तिघांनी हाका मारल्या. वामनरावांची हाक तर दोन पावलेही जात नव्हती. धुक्यात हाका चहूकडून आल्यासारख्या वाटत. पलीकडून एक क्षीण “ओ” आली, पण ती बांधापासून दूर, तिवरांच्या आतून. ओहोटीत फूट ओलांडून गेलेल्या बाई वाट चुकून चिखलात शिरल्या होत्या.

“हाक फसवते. घंटी वाजवा, घंटी!” महादू ओरडले.

वामनरावांनी माझी घंटी दाबली. खट्! पुन्हा दाबली. खट्! मित्रांनो, ज्या एका क्षणासाठी मी ती घंटी आयुष्यभर वाहिली, त्याच क्षणी ती गंजून मुकी झाली होती. मला वाटले, आत्ताच मोडून पडावे.

वामनराव घंटी दाबत राहिले.

महादूंच्या हाताला होडीचे तेल तसेच ओथंबलेले होते. त्यांनी घंटीची वाटी हिसक्याने फिरवून काढली आणि आतल्या दात्यांवर हात पिळला. “होडीला वरसातून दोनदा तेल पाजतो आमी. हिला काय पाजलं तुमी, मास्तर?”

पहिल्यांदा खरखर झाली. मग अडखळत, फुटक्या आवाजात, पण घंटी वाजली! वामनराव थांबलेच नाहीत. त्यांचा अंगठा सोलवटला तरी ते वाजवत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. पलीकडची “ओ” हळूहळू जवळ आली आणि धुक्यातून चिखलाने माखलेल्या दमयंतीबाई बांधावर चढल्या. त्यांच्या मागून पाणीही चढत होते.

महादूंनी दोर फेकला. बाईंनी तो कमरेला बांधला आणि एक पाय फुटीत टाकला. तो मांडीपर्यंत रुतला. त्या किंचाळल्या.

तेव्हा वामनरावांनी मला उचलले. त्यांच्या अशक्त हातांत एवढे बळ कुठून आले, मला कळले नाही. त्यांनी मला त्या चिखलावर आडवे घातले. “सायकलवर पाय द्या! डावीकडे मूळ आहे तिवराचं, ते धरा! मला ठाऊक आहे ही जागा!” एवढ्या मोठ्याने बोललेले त्यांना मी कधीच ऐकले नव्हते.

बाईंचा भार माझ्यावर आला. तारा तटातट तुटल्या. मी खाली खाली जात होते, पण त्या वर येत होत्या. काशीबाईंनी त्यांचा हात धरून ओढले. त्या अलीकडे पडल्या आणि उधाणाचे पाणी माझ्यावरून गेले.

खाऱ्या पाण्याखाली मी एकटीच पडून होते. आता कोणी येणार नाही, अशीच माझी खात्री होती. पण ओहोटीला वामनराव आले. चिखलात गुडघे टेकून त्यांनी मला हातांनी उकरून काढले. ते रडत होते.

जाताना दमयंतीबाई त्यांना म्हणाल्या होत्या, “पुढच्या हिवाळ्यात मुलींना आणीनच. वाट तेवढी कळवा.” त्यांनी मान डोलावली होती. पण नंतर लाजेने ते खाजणाकडे फिरकलेच नाहीत. मीही पडवीत भिंतीला टेकून राहिले. माझ्या कॅरिअरवर कोंबड्या बसू लागल्या. पिशवीतले पत्र ओले होऊन वाळले होते. ते तरी कोणी का काढावे?

पाऊस सरला. एके दिवशी काशीबाई पाटी घेऊन दारात आल्या.

“मास्तर, पक्षी आलेत खाजणात. ती बाय पोरींना घेऊन येईल आता. पुन्हा मीच वाट दावू का? आन् यंदा बांध कुठं कुठं फुटलाय, ते कोणाला ठाऊक?”

वामनरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

“मागल्या टायमाला एक बाय होती, मास्तर. आता बारक्या पोरी हायत.”

काशीबाई गेल्या. वामनराव ओटीवरून उठले. त्यांनी कोंबड्या हाकलल्या आणि माझ्या साखळीला, घंटीला खोबरेल घातले. माझ्यावर बसणे आता शक्य नव्हते. माझे चाक वाकडे झाले होते. त्यांनी मला हाताने खाजणात नेले. ते माझे पुढचे चाक आधी टेकवत, ते रुतले नाही तर मग पाऊल टाकत. असा सारा बांध आम्ही चाचपून पाहिला. आणखी एक फूट सापडली, मिठागराच्या अगदी जवळ.

मित्रांनो, तुमच्या घरात जे मुके राबते, त्याला वेळेवर तेल द्या. आणि तुम्हाला एखादी वाट ठाऊक असेल, तर आवाज कापला तरी ती सांगा. मोडक्या सायकलीचे एवढे ऐकाल ना?

वामनरावांनी बांधावरच बसून कार्ड लिहिले. या वेळी फाडले नाही. ‘मुलींना घेऊन या. मिठागरापर्यंत जाऊ नका, दोन ठिकाणी बांध फुटला आहे. अमावास्या-पौर्णिमेला नको, अष्टमीला या. मी बांधाच्या तोंडाशी घंटी वाजवत उभा असेन.’

टपालपेटीपाशी माझा वेग नेहमीप्रमाणे कमी झाला. वामनरावांनी मला पेटीला टेकवले. त्यांचा हात पेटीच्या तोंडाशी थबकला. मग आत, रिकाम्या पेटीच्या तळाशी, कार्ड पडल्याचा बारीकसा आवाज झाला.